बचावाचा युक्तिवाद

वेलदोड्याचं टरफल दाढेत अडकलं होतं – सकाळच्या फातेहातल्या काहव्यातलं – आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती... कोण वारलं होतं सकाळी? कुणा ठेकेदाराची सासू. की आत्या? मंत्री झाल्यापासून सरबुलंद खानांचं निम्मं राजकारण मेलेल्यांच्या दारातच चालायचं. जायचं, हुजऱ्यात, घराबाहेरच्या पुरुषांच्या बैठकीत, खाटेवर बसायचं, दुआसाठी हात वर करायचे, की जमलेले सगळे हात वर करतात, पुटपुटतात, तळवे तोंडावरून फिरवतात – झालं. पण आता तंबाखूच्या शेतांमधून गाडी ज्या गावाकडे वळली होती, तिथे शमरोज वारला होता, त्यांचा जुना वकील मित्र. त्याच्या थोरल्या भावानं, दरवेशनं, आपल्याबरोबर हात वर केलेच नाहीत तर? चारचौघांत मांडीवरच ठेवले तर?

ठेवू देत. तयारी होती. मर्दानच्या कोर्टात उभी हयात घासली ती काय उगाच? आरोप पहिला: दोघा वकिलांनी मिळून सत्ता बळकावलेल्या जनरलविरुद्ध मोर्चे काढले, एका कोठडीत एका ताटात जेवले, आणि त्यातल्या एकानं जनरलचंच कायदामंत्रिपद घेतलं. उत्तर: आत शिरून चार माणसं वाचवता येतात. (किती वाचवली? – ते राहू दे.) आरोप दुसरा: शमरोजला पुन्हा धरलं तेव्हा त्याची म्हातारी आई बंगल्यावर आली, आणि तू तिला... हो, म्हणालो मी, कायदा आपलं काम करील. दुसरं काय म्हणणार होतो? फोनकडे हात जात होता, खरंच जात होता, पण त्याच आठवड्यात माझी स्वतःची खुर्ची डुगडुगत होती, आणि पोराच्या छातीत पाणी झालंय असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं, म्हातारी माणसं वाढवून सांगतात... हे वाक्य गाळायला हवं. बाकी बचाव चोख होता. दरवेश ओरडेल, शिव्या घालेल, आणि मग ऐकून घेईल. पूर्वी हाच दरवेश मी लांबून दिसलो की हाळी द्यायचा, ‘ए खोटारड्या, आज कुणाला फासावरून उतरवलंस रे?’

दरवेशच्या हुजऱ्यातली माणसं उठून उभी राहिली. सरबुलंद खान बसले.

“दुआ करू या,” ते म्हणाले, आणि हात वर केले.

अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांनी पाहिलं – दरवेशचे तंबाखूनं काळे पडलेले तळवे सरळ वर झाले होते. सगळ्यांचेच झाले होते. कुणी कुरकुरलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही.

“आपण एवढ्या लांबून आलात, मंत्रीसाहेब. मेहरबानी,” दरवेश म्हणाला.

आपण!

“मला यायला उशीर झाला, दरवेश.”

“छे छे, आपल्याला कामं असतात. काहवा घ्या. अरे, साहेबांच्या पाठीशी उशी द्या कुणीतरी.”

“आई कशी आहे?”

“आहे. सलाम सांगितलाय आपल्याला.”

सरबुलंद खान पुढे झुकले. “माझ्याबद्दल... काही म्हणाली नाही?”

“पाहुण्याबद्दल काय म्हणणार, साहेब?”

उशी मऊ होती, नवी कोरी. वाट चुकलेल्यालाही या दारात हीच उशी मिळाली असती, वैऱ्यालासुद्धा मिळाली असती... नाही, वैऱ्याकडे निदान डोळे वटारून बघितलं असतं. दरवेश गाडीपर्यंत पोचवायला आला, त्यानं स्वतः दार उघडलं.

“काहीतरी बोल रे, दरवेश.”

“पुढं रस्ता खराब आहे. सांभाळून जा.”

दार बंद झालं. शेतं मागे सरकू लागली. कुणी आरोपच ठेवला नव्हता, त्यामुळे तो चोख बचाव तसाच आत पडून राहिला, छातीवर दगड ठेवल्यासारखा. ठीक आहे, त्यांना वाटलं, कुणी ठेवत नसेल तर आपणच ठेवू, एकदाच, मनातल्या मनात, सगळा, काही न गाळता... त्यांनी डोळे मिटले, शमरोजला समोर उभं केलं, घसा खाकरला, आणि पहिलंच वाक्य उमटलं – त्या आठवड्यात परिस्थितीच अशी होती...