मागचा उजवा पाय

मी खुर्ची बोलतेय. मोपाने नावाच्या झाडाच्या लाकडाची, बैठकीला चामड्याच्या वाद्या विणलेली. मला टेकायला पाठ आहे, दोन हात आहेत आणि चार पाय आहेत. सगळी गोष्ट मागच्या उजव्या पायाची आहे.

बोत्स्वानातल्या आमच्या गावात खोत्ला भरतो. लाकडी खांबांच्या अर्धगोल कुंपणात गाव जमतं आणि खोसी, म्हणजे गावचा प्रमुख, सगळ्यांचं ऐकून न्याय करतो. तिथं प्रत्येक जण खुर्ची घरून आणतो. म्हणून आम्हा खुर्च्यांना गावाची सगळी भांडणं पाठ असतात.

मला केबोनांगच्या मामानं घडवलं, भाच्याच्या लग्नासाठी. त्या लग्नात नवरा माझ्यावर टेकणार, तोच त्याचा थोरला चुलतभाऊ तिरो यानं मला मागून ओढलं. केबोनांग आपटला. कोपर सुजून भोपळा झालं.

दुसऱ्या दिवशी खोत्ल्यात तिरो म्हणाला, "थट्टा केली हो! कोपर सुजावं असं कुठं मनात होतं?"

तेव्हाचे खोसी म्हणाले, "कोपर मनात नव्हतं, पण पाडायचं मनात होतं ना? मग पडण्यातून जे आलं ते सगळं तुझं."

तिरोनं एक बकरा दिला. तो खाऊन सगळे हसले. माणसं विसरतात असं मला वाटलं होतं. पण ज्यानं केलेलं असतं, तो विसरत नाही.

पुढं केबोनांग म्हातारा झाला, खोत्ल्यातला मानाचा बोलका माणूस झाला. दोन भाऊ भांडले की लोक आधी त्याच्याकडे येत. माझ्यावर तो दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. बायकोलाही नाही.

माझा मागचा उजवा पाय सांध्यात खिळखिळा झाला. त्यानं तो वादीनं बांधला आणि डावीकडे भार टाकून बसायला लागला. त्याची बायको दिकेलेदी रोज बोलायची, "सुताराकडे न्या हो तिला. एखाद दिवशी कुणाचा तरी जीव जाईल."

"माझी खुर्ची मला ओळखते," तो म्हणायचा.

ओळखत होतेच. पण मी फक्त त्यालाच ओळखत होते.

एकदा विहिरीवर पाणी भरायच्या पाळीवरून खोत्ला भरला होता. तिरो गुरांच्या वाड्यावरून थेट आला, खुर्चीविना. थोरला भाऊ उभा आणि धाकटा बसलेला, हे बरं दिसत नाही. केबोनांग उठला आणि त्यानं मला पुढं केलं. "बस, दादा."

माझा पाय खिळखिळा आहे, एवढं मात्र तो बोलला नाही.

तिरो बसला, ऐसपैस मागं रेलला. पायाची वादी तुटली आणि पाय मोडून बाजूला पडला. तिरो हातावर पडला आणि मनगट मोडलं. पडल्या पडल्या ओरडला, "मुद्दाम केलंन! लग्नाचा सूड उगवला म्हाताऱ्यानं!"

मनगट बांधून आल्यावर त्यानं तक्रार घातली. खोत्ल्याच्या कुंपणात ज्यानं मुद्दाम इजा केली, त्याला तिथं पुन्हा तोंड उघडता येत नाही. केबोनांगचं सगळं आयुष्य त्या तोंडावर उभं होतं. मला मधोमध ठेवलं, तीन पायांवर, कलती.

आता त्या जुन्या खोसींचा मुलगा खोसी होता. त्यानं विचारलं, "आजोबा, पाय खिळखिळा आहे हे ठाऊक होतं?"

दिकेलेदी उठली. "त्यांना ठाऊक होतं. मीच सांगत होते. ऐकतील तर शपथ!"

केबोनांगची मान खाली गेली. गर्दी कुजबुजली. पण दिकेलेदी बसली नाही. "आणि हेही ऐका. या खुर्चीवर त्यांनी मला कधी टेकू दिलं नाही. तिरोभावजींना दिली. पाडायचंच असतं तर कुणाचंही मोडकं स्टूल चाललं असतं."

"मग सांगितलं का नाहीत?" खोसीनं विचारलं.

केबोनांग म्हणाला, "दादाला बसायला द्यायचं आणि वर म्हणायचं, ही लंगडी आहे, जपून? तो मान झाला का? मला तोंडच उघडवेना."

"मग तुझा मान माझ्या मनगटात शिरला की रे!" तिरो म्हणाला. खोत्ला हसला. केबोनांगही, नको नको म्हणत.

कुणी तरी मागून म्हणालं, "तिरोही जरा जास्तच रेलले."

तिरो भडकला. "खुर्चीवर रेलायचं नाही, तर काय तिला डोक्यावर घेऊन नाचायचं?"

"बरोबर आहे," खोसी म्हणाला. "बसणाऱ्याची चूक नाही. तो खुर्चीवर खुर्चीसारखाच बसला." मग त्यानं माझा तुटका पाय उचलला. "लग्नात ज्यानं ही ओढली, त्याला समोरचा पडायला हवा होता. या वेळी ज्यानं दिली, त्याला समोरचा बसायला हवा होता. हे मुद्दाम नाही. पण ठाऊक असून सांगितलं नाही, दुरुस्तही केलं नाही. हा हलगर्जीपणा आहे आणि तो तुमचा आहे, आजोबा. मनगट बरं होईपर्यंत तिरो आजोबांच्या गाईंच्या धारा तुम्ही काढायच्या. आणि इथं बोलत राहायचं."

केबोनांगनं तिथंच डोळे पुसले. धूळ गेली म्हणाला.

सुतारानं मला नवा पाय बसवला. वाद्या तिरोच्या बैलाच्या कातड्याच्या. रोज सकाळी केबोनांग मला खांद्यावर घेऊन तिरोच्या गोठ्यात जायचा. मला ठेवायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "चारही पाय धड आहेत, दादा. डाव्या हाताला एक कुसळ आहे, जप."

"हं. आता शिकलास," म्हणत तिरो बसायचा आणि दूध काढण्यातल्या चुका काढायचा. "ती गाय आहे, दिकेलेदी नव्हे. गोड बोल तिच्याशी!"

आता मी म्हातारी झाले आहे. माझं सांगणं एवढंच आहे. कुणाला जागा द्याल, शिडी द्याल, गाडी द्याल, तर तिची खोडही सांगा. त्यानं मान जात नाही.

आणि एक. मनगट केव्हाच बरं झालं. केबोनांग अजून धारा काढायला येतो. तिरो अजून म्हणतो, "ठणकतंय रे." मग त्याच मनगटाचा भार माझ्या हातावर टाकून उठतो आणि दुधाची भरली बादली त्याच हातानं उचलतो. केबोनांग दुसरीकडे बघतो.

हे मात्र मुद्दाम आहे, दोघांचंही. कृपा करून कुणी खोत्ल्यात नेऊ नका.