डाव्या पायाचं काम

"बाबा, तो क्लच नव्हे, ब्रेक आहे."

मुलगी सीटच्या पट्ट्यात अडकली आणि मागे आदळली. मागची व्हॅन हॉर्न मारत बाजूने निघून गेली. मी डावा पाय मागे ओढून घेतला.

माझ्या पायाला अजून पटत नाही. आयुष्यभर ट्रक चालवला. इंजिनाचा आवाज चढला की डावा पाय आपोआप क्लच शोधतो. या गाडीत क्लच नाहीच. तिथे रुंद ब्रेक आहे, आणि त्यावर ट्रकच्या सवयीचा जोर पडला की गाडी जागच्या जागी उभी.

गाडी हिची, माझ्या बायकोची. स्वतःचा गुडघा दुखायला लागल्यावर हिने हट्टाने ही बिनक्लचची घेतली. ही गेल्यापासून गाडी दारात उभी होती. तुम्ही चालवणार असाल तर ठेवू, नाहीतर विकू, असं मुलीचं म्हणणं. गॅरेजवाल्याने गिऱ्हाईक बोलावलं होतं आणि आम्ही तिकडेच निघालो होतो. गॅरेजपर्यंत दणका न देता नेली तर गाडी घरी, अशी मुलीची अट.

"हा एक दणका सोडून देते," ती म्हणाली. "आता पुढचा नाही."

मी निघालो. आवाज चढला आणि तिथेच राहिला. आता गिअर पडेल, मग आवाज उतरेल, याची मी वाट बघत राहतो. पडतच नाही. इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो. मला स्वस्थ बसवत नाही.

असाच एकदा वैतागलो तेव्हा हिने आतलं सगळं समजावलं होतं. दोन कप्प्या, त्यांच्यावर एक पोलादी पट्टा. एकीच्या तबकड्या जवळ येतात तेव्हा दुसरीच्या लांब सरकतात. पट्टा वरखाली होतो आणि वेग बदलतो. मधे पायऱ्या नाहीतच.

"एक पसरणार, दुसरी आवरणार," ही म्हणाली होती. "आपल्या घरातल्यासारखं. कोण पसरतं ते सांगायला नको."

मी चालवायला बसलो की ही शेजारून माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवायची. दाबायची नाही, नुसता ठेवायची. पाय उठायचा नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

पुलाचा चढ आला. इंजिन ओरडायला लागलं. टाच उचलली गेली. मुलीने दाराची मूठ घट्ट धरली.

या गाडीत डाव्या हाताला काही काम नसतं. तो मी गुडघ्यावर ठेवला.

टाच खाली बसली. पूल उतरलो, सिग्नलला थांबलो, पुन्हा निघालो. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली.

गॅरेजचं वळण आलं. मी इंडिकेटर दिला.

"सरळ घ्या," ती म्हणाली. "मी फोन करते त्यांना."

मी इंडिकेटर बंद केला, उजव्या हाताने. डावा उचलला नाही.