मालक नसलेली बैठक

बोईसरजवळ सरावलीच्या चाळीत पुंजारामच्या खोलीपुढे रविवारी सकाळी चपलांचा ढीग पडायचा. आजच्या बैठकीत आधी कुणी बोलायचं, हे विचारायला एक जण येई. चहाची पूड संपली, आणू का, म्हणून दुसरा येई. एखादा नुसताच पाया पडून जाई. त्याच्या बायकोची, राहीबाईची, भाकरी तव्यावर करपायची. "हे घर आहे की मामलेदार कचेरी?" ती एकदा म्हणाली. पुंजाराम नुसता हसला. खरं सांगायचं तर त्याला ते आवडत होतं.

वाचकहो, असा माणूस तुमच्याही गावात असेल. संस्था चांगली, माणूस त्याहून चांगला, आणि त्याच्यावाचून तिथलं पान हलत नाही. आपण त्याचं कौतुक करतो आणि आपल्या कामाला लागतो.

पुंजाराम धुळ्याकडचा फिटर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा पोटासाठी इकडे आला. दारूबंदी कागदावर होती, हातभट्टी झाडीत होती. वर्षभरात त्याचं काम सुटलं, राहीबाईच्या गळ्यातली पोत गेली. मग एका ओळखीच्याने त्याला मुंबईला एका बैठकीत नेऊन बसवलं. तिथे डॉक्टर नव्हता की महाराज नव्हता. सगळेच दारूने पोळलेले. एकाने आपलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या ऐकण्याने पुंजारामची दारू सुटली. काम परत मिळालं, आणि तशीच बैठक त्याने बोईसरला भाताच्या गिरणीमागच्या खोलीत सुरू केली.

खोलीचं भाडं महिना चार रुपये. त्यासाठी बिस्किटांचा एक रिकामा डबा होता. बैठक संपली की तो फिरायचा. प्रत्येकाने मूठ आत घालायची, मग मुठीत नाणं असो वा नसो; कुणी काय टाकलं ते कुणाला कळू नये. बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही, इथे कुणी मालक नाही, आणि कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही, हे नियम पुंजारामनेच मुंबईहून आणले होते. पण तीन वर्षांत खोलीची किल्ली एकदाही त्याच्या कमरेवरून हलली नाही. तो बैठकीत बोलेनासा झाला. इतरांचं ऐकायचा आणि शेवटी चार उपदेशाचे शब्द सांगायचा.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात ठेकेदार डोंगरशी शेठने त्याला बोलावून घेतलं. शेठ माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "पुंजाराम, तुमची तीन वर्षांची तपश्चर्या मी पाहतोय. त्या कोंड्याच्या धुरळ्यात कशाला बसता? मी पक्की इमारत बांधून देतो. पंखे, खुर्च्या, सगळं. पाटीवर माझ्या वडिलांचं नाव. कायमचे अध्यक्ष तुम्ही. फक्त महिन्याला एक यादी द्या, माझ्या कामावरचं कोण येतं आणि कोण पुन्हा घसरतं. म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल."

पुंजारामने हात जोडले. बाहेर पडला तेव्हा त्याची छाती फुगायला हवी होती, पण ती फुगली नाही. कारण एक गोष्ट शेठला ठाऊक नव्हती. वैशाखात भाचीच्या लग्नाला साक्रीला गेला असताना पुंजाराम मांडवामागे दोन पेले प्यायला होता. परत आल्यावर बोईसर स्टेशनमागे आणखी एकदा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक ज्याच्या पाया पडतात, त्याने कुणापुढे रडायचं?

पुढच्या रविवारी त्याने शेठची इमारत आणि यादीची अट बैठकीपुढे मांडली. वीसेक माणसं होती. एकदोघांचे डोळे चमकले. कोपऱ्यात बुधी बसली होती. डोंगरातल्या पाड्यावरची ही वारली बाई शेठच्याच कामावर घमेली वाहायची. दारू सोडून तिला सात महिने झाले होते.

"दादा," तिने विचारलं, "यादीत माजा नाव गेला, तर मुकादम उद्या मना कामावर घेल का?"

"शेठ तसा नाही," पुंजाराम म्हणाला.

"शेठ नसंल. मुकादम हाय ना."

जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा गोमा कोळी घसा खाकरून बोलला. साठी ओलांडलेला माणूस. दर्यावर जेवढं आयुष्य काढलं तेवढंच दारूत. "पुंजाभाऊ, जो छप्पर देल तो खाली कोन बसला ते विचारनारच. त्याचा पन काय चुकला? म्हनून तर आपला डबा हाय. त्यात पाच पैसे पडले तरी ते आपले. तूच शिकवलास आमाला."

पुंजारामचं डोकं भडकलं. "तीन वर्षं मी ही बैठक चालवली. भाडं कमी पडलं की खिशातून घातलं. आणि आज मला नियम सांगता?"

"तेच म्हंतो मी," गोमा शांतपणे म्हणाला. "खिशातना घातलास, आमाला सांगितला नाय. सांगितला असतास तर आमी दोन पैसे जादा टाकले असते. आनि भाऊ, तीन वर्सांत आमी सगले इथं रडलो. तू शेवटी कवा बोललास, तुजा सोताचा? तुला बरा हाय का, ह्या कोन इचारनार? मालकाला कोन इचारीत नाय."

पुंजाराम उठला आणि घरी आला. राहीबाई तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे तो तावातावाने बोलत राहिला, माणसं कशी कृतघ्न असतात, गोमाला कशी शिंगं फुटली. तिने सूप खाली ठेवलं.

"वैशाखात मला वास आला होता," ती म्हणाली. "स्टेशनवरून आलात त्या दिवशीही."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगायचं? दुसऱ्या कुणाचा नवरा प्यायला तर त्याची बायको तुमच्याकडे येते. तुमची बायको कुणाकडे जाणार? तुमच्या वर कुणी नाही, बरोबरीलाही कुणी नाही. मी रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसते."

पुंजाराम भिंतीला टेकून बसला. तीन वर्षांत आपण बाकीच्यांना सावरलं, आणि आपल्याला सावरायला यावं अशी एकही वाट उघडी ठेवली नाही, हे त्याला त्या दुपारी लख्ख दिसलं. तो तसाच उठला आणि नवापूरला गेला. गोमा किनाऱ्यावर जाळं शिवत होता. पुंजारामने त्याच्याशेजारी वाळूत बसून सगळं सांगितलं. गोमाने ना उपदेश केला, ना आश्चर्य दाखवलं. एवढंच म्हणाला, "बरा झाला आलास. आज नाय प्यायलास ना? मंग आज चांगला हाय. जाल्याचा ह्या टोक धर."

पुढच्या रविवारी पुंजाराम समोरच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर न बसता बुधीशेजारी सतरंजीवर बसला. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "मी पुंजाराम. मी दारुडा आहे. दारू सोडून मला एकोणीस दिवस झाले."

मागचा एक तरुण वेल्डर, जो आठवड्यापूर्वी घसरून पुन्हा आला होता आणि शरमेने मान वर करत नव्हता, तो पहिल्यांदाच मान वर करून पाहू लागला. पुंजाराम पाऊण तास बोलला. संपल्यावर त्याला वाटलं, आता उठून जातील. उलट बुधीने त्याच्यापुढे चहाची कपबशी सरकवली.

त्याच दिवशी हात वर करून दोन ठराव झाले. शेठची इमारत घ्यायची नाही. आणि किल्ली, चहा, डबा ही कामं सहा सहा महिन्यांनी फिरतील. ती हुकमत नव्हे, सेवा समजायची. पहिली किल्ली गोमाकडे गेली, डबा बुधीकडे. अक्षर येत नाही म्हणून ती नको म्हणत होती. तेव्हा दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्याने पैसे मोजायचे असं ठरलं, आणि सगळ्यांनाच ते जास्त पटलं.

शेठला नकार सांगायला पुंजाराम स्वतः गेला. आपण घसरलो होतो, हेही सांगितलं. दुसऱ्या कुणाचं नाव मात्र घेतलं नाही. "दान नको म्हणणारे मी पहिल्यांदाच पाहतोय," शेठ म्हणाला. जरा दुखावला होता. पण पावसाळ्याआधी त्याने कामगारांच्या वाटेवर वडिलांच्या नावाने पाणपोई बांधली, आणि तिथे येणाऱ्याचं नाव विचारायची गरज नव्हती.

पुढे केंद्राचं काम उरकलं आणि पुंजारामला दुसऱ्या जिल्ह्यातल्या धरणावर जावं लागलं. राहीबाईने विचारलं, "तुमच्यामागे बैठकीचं कसं होणार?" तो म्हणाला, "कालच्या बैठकीला मी उशिरा पोचलो. माझी वाट न बघता सुरू झाली होती." हे सांगताना त्याच्या आवाजात खंत नव्हती.

वाचकहो, चांगल्या कामाला पैसा लागतो आणि माणूसही लागतो. पण पैसा त्या कामात बसणाऱ्यांच्याच मुठीतून यावा, मग तो थोडका असला तरी चालेल. आणि माणसाने वेळेवर बाजूला व्हावं. जिथे कुणी मालक नसतो, तिथे पडलेल्याला परत येण्याची लाज वाटत नाही. आपण ज्याला डोक्यावर घेऊन नाचतो, त्याला अधूनमधून खाली उतरवून आपल्या शेजारी बसवावं आणि विचारावं, बाबा, तू बरा आहेस ना?