पुंगळीत गोळी बसवणारा साचा

मी डाय बोलतोय. यंत्रावर काम करणाऱ्याला हा शब्द नवा नाही, बाकीच्यांनी साचा म्हणावं. बोटभर लांबीचा, पोलादी, बाहेरून आटे पाडलेला आणि आतून गुळगुळीत. गोळी उडाल्यावर उरलेल्या पिस्तुलाच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायच्या तर तीन साचे लागतात. पहिला फुगलेली पुंगळी आवळून सरळ करतो, दुसरा तिचं तोंड जरासं उघडतो. दारू भरल्यावर पाळी माझी. मधल्या दांड्याने मी गोळी हवी तितकी आत बसवतो आणि पुंगळीची कड दाबून तिला घट्ट धरायला लावतो.

काम एवढंसं, पण ते केसाच्या फरकाचं. कड फार दाबली तर पुंगळी फुगते. कमी दाबली तर पिस्तुलात शिरताना गोळी पुंगळीत मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दारूचा दाब वाढतो, मग तो कुणाचं ऐकत नाही.

माझा मालक ऑर्विल टॉर्गेसन. अमेरिकेतल्या मॉन्टानात आमच्या गावात धान्याची उंच कोठारं आहेत. त्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. निवृत्त झाला त्या हिवाळ्यात त्याने मला गॅरेजमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे हाताने दाब द्यायच्या यंत्रात, चढवलं. दुपारभर तो माझ्याच मागे होता. मला पाव फेरा खाली घ्यायचा, एक पुंगळी दाबायची, व्हर्निअर लावून माप घ्यायचं आणि नाही म्हणून मान हलवायची. पुन्हा दांडा वर, मी खाली. शेवटी त्याने मला जागी धरणारा चेकनट आवळला आणि तयार काडतुसाचं टोक टेबलावर टेकवून अंगठ्याने दाबलं. गोळी हलली नाही.

"नोरीन, ये बघायला!" त्याने हाक मारली.

त्याची बायको कॉफी घेऊन आली. "म्हाताऱ्या, लग्नाची अंगठी घेताना तरी एवढं मोजमाप केलं होतंस का?"

"अंगठी सैल झाली तर बोटातून पडते, बाईसाहेब. ही सैल झाली तर बोटच जायचं."

दोघंही हसली. मीही मनातल्या मनात हसलो.

नेम नोरीनचा होता. रविवारी गावाबाहेरच्या मैदानात लोखंडी चकत्यांवर नेमबाजी व्हायची. साठी उलटलेली ही बाई तिथे तरण्याताठ्यांना मागे टाकायची. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "मी नुसती चाप ओढते. गोळी घरी बसलेली असते." हे ऐकलं की ऑर्विल आठवडाभर शीळ वाजवत काम करायचा. ती अकरा वर्षं माझ्या सुखाची. त्यापुढचं सांगताना माझे आटे अडतात.

आधी शब्द गेले. पाना हातात असायचा आणि तो म्हणायचा, "ते हे कुठंय?" मग सवयी गेल्या. एके दिवशी त्याने पुसायला म्हणून मला खोललं, परत चढवलं आणि माप न घेताच चेकनट आवळला. व्हर्निअर डब्यातच राहिला. अंगठ्याने दाबून बघणं तर तो साफ विसरला. मी एक फेरा वर राहिलो होतो. कडेला माझा स्पर्शही होत नव्हता. लोखंडाला असं कळतं, पण सांगता येत नाही.

मग रोज सकाळी हेच व्हायला लागलं. नोरीनच्या लक्षात आलं. ती त्याला काही बोलली नाही. तो जेवून आडवा झाला की ती गॅरेजमध्ये यायची. त्याने सकाळी भरलेली काडतुसं एकेक करून ठोकून सोडवायची, मला नीट बसवून पुन्हा भरायची आणि त्याच्याच पिवळ्या डब्यात ठेवायची. सकाळी तो मला बिघडवायचा, दुपारी ती सरळ करायची. दीड वर्ष असं चाललं.

नेमबाजीच्या मैदानावरचा ड्वेन, त्यांचा जुना मित्र, एकदा अवचित आला आणि त्याने तिला पकडलं.

"हे काय लावलंयस, नोरीन? सरळ सांग की त्याला, बाबा, आता बास कर."

"त्याला सकाळी उठायला हे एकच कारण उरलंय, ड्वेन. तेही मीच काढून घेऊ?"

"आणि एखादं काडतूस नजरेतून सुटलं तर?"

"नाही सुटत."

सुटलं नाहीच. पण एका शनिवारी ऑर्विलने संध्याकाळी पुन्हा पन्नास भरली आणि तिला मदत म्हणून स्वतःच तिच्या बॅगेतल्या डब्यात टाकली. रविवारी स्पर्धेला जायच्या घाईत तिने डबा उघडून पाहिला नाही.

मी मैदानात नव्हतो. ड्वेनच्या तोंडून ऐकलं तेवढंच सांगतो. चौथ्या चकतीवर आवाज वेगळा आला. पिस्तुलाची मूठ फुटली. चष्म्यामुळे डोळे वाचले. उजव्या हाताची दोन बोटं तुटता तुटता वाचली, पण वाकेनाशी झाली.

ड्वेनने उरलेली काडतुसं आणून टेबलावर ओतली. रागाच्या भरात आला होता, पण ऑर्विलचा चेहरा पाहून घडलं तेवढं सांगितलं आणि निघून गेला. त्या दिवशी, माझं दुर्दैव, ऑर्विलचं डोकं अगदी स्वच्छ होतं. त्याने एक काडतूस उचललं, टोक टेबलावर टेकवलं, अंगठ्याने दाबलं. गोळी आत घसरली. दुसरं घेतलं. घसरली. तिसरं. एकही न वगळता त्याने सगळी तपासली. मग माझ्यावर हात ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी तो चहाच्या टेबलाशी विचारत होता, "नोरीन, हाताला काय झालं गं?"

"गाडीच्या दारात सापडला."

आता तो वृद्धाश्रमात असतो. गॅरेज बंद आहे. माझे दोन भाऊ डब्यात गंजतायत. मला मात्र नोरीन दर गुरुवारी डाव्या हाताने पर्समध्ये घालून नेते, कारण हातात मी असलो की तो शांत बसतो. माझा चेकनट फिरवत राहतो आणि म्हणतो, "बघ, कसं चोख बसवलंय!" मग त्याला तिची पट्टीत बांधलेली बोटं दिसतात.

"हे कुणी केलं?"

"दारात सापडला, म्हाताऱ्या."

"जपायचं ना जरा. मी असतो तर होऊ दिलं नसतं."

गेल्या गुरुवारी हे म्हणताना तो मध्येच थांबला. त्याचा अंगठा माझ्या तोंडावर आला आणि काडतूस तपासताना दाबायचा तसा नकळत दाबला गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. ओठ हलायला लागले. नोरीनने झटकन मला त्याच्या मुठीतून काढून घेतलं आणि केक आणलाय म्हणून मोठ्याने सांगितलं. तो केक खाऊ लागला. मला तिने पर्सच्या तळाशी खुपसलं आणि चेन ओढून बंद केली.

नोरीन, तुला ऐकू येत असेल तर एवढं कर. येत्या गुरुवारी मला घरीच ठेव. नदीत टाक, भंगारात दे, काहीही कर. त्याचं इतकं सगळं गेलंय, आता मीही जाऊ दे.