महाराजांची जड बॅटरी

शिवदासच्या अंगणात निम्मा गाव जमला होता. चौघांनी घाम गाळून आणलेल्या, भगव्या वस्त्रात गुंडाळलेल्या पेटीवर सकाळपासून एक विजेचा दिवा जळत होता. भिंतीतल्या विजेशी तिचा काही संबंध नव्हता.

"ही सिद्ध बॅटरी," वीजेश्वर महाराज सांगत होते. "चार्जिंग नको, पाणी नको. थेट ब्रह्मांडातून ऊर्जा ओढते. फक्त उघडायची नाही. उघडली की सिद्धी गेली."

लोकांनी हात जोडले. गावातल्या तारांवर फणसाच्या फांद्या पडून रोज वीज जाई; ब्रह्मांडाच्या तारांवर त्या पडत नसाव्यात.

कमलचे चित्त आतल्या खोलीत होते. तिचा नवरा शिवदास वीस वर्षे खाणीवर ट्रक चालवून फुप्फुसे घालवून बसला होता. ऑक्सिजनचे मशीन विजेवर चाले. वीज गेली की तो हवेसाठी तडफडे आणि कमल त्याची पाठ चोळत राही. नाकातली नळी पोहोचेल तेवढेच त्याचे घर उरले होते, आणि तिचेही. दुकानातली बॅटरी आणूया, असे ती महिनाभर सांगत होती. पण घरात शब्द चाले तो थोरल्या दिराचा. बाबुरावांनी देवापुढे नारळ ठेवून महाराजांना होकार दिला होता. जड बॅटरी चांगली, एवढे त्यांना ठाऊक होते, आणि ही तर चौघांना आवरत नव्हती.

कमलला कोंडल्यासारखे झाले. नको म्हणावे तर घर फुटेल, हो म्हणावे तर नवरा जाईल.

"भावोजी," ती शेवटी म्हणाली, "ह्यो दिवो नऊ वॅटचो. ह्यांच्या मशीनाक साडेतीनशे लागतत, मागे लिवलेला आसा. माझो मिक्सर तेवढोच. आधी तो लावून बघूया."

"देवाची परीक्षा बघतंस?" बाबुराव म्हणाले.

पण महाराजांनीच हसून मान डोलावली. गर्दीपुढे नाही म्हणणे त्यांनाही जड गेले असावे. खोबरे-मिरची भांड्यात पडली, मिक्सर घरघरला. "पाहा, ब्रह्मांड वाटण वाटते आहे," महाराज म्हणाले. सहाव्या मिनिटाला ब्रह्मांड दमले. मिक्सर थांबला, दिवाही विझला.

"घरात श्रद्धा कमी आहे," महाराज कमलकडे बघत म्हणाले.

तिने मिक्सर भिंतीतल्या प्लगला लावला. तो लगेच चालू झाला.

तरी कोणी पेटीला हात लावेना. मग आतून शिवदासचा तुटका आवाज आला. "दादा... उघड ती."

बाबुराव पेटीपाशी गेले. दिलेला शब्द त्यांनी जन्मात मोडला नव्हता. त्यांनी वस्त्र ओढले, झाकण काढले. वरच्या कोपऱ्यात छोट्या इन्व्हर्टरला जोडलेली स्कूटरची पिटुकली बॅटरी होती, आदल्या दिवशी भिंतीतल्याच विजेवर भरलेली. खाली गोणपाटात गुंडाळलेले जांभ्या दगडाचे दोन चिरे होते, घराच्या भिंतीला लावतात तसलेच.

बाबुराव ओसरीवर बसले. "चिऱ्यार माझ्या भावाचो जीव टांगूक निघालेलंय," एवढेच ते बोलले.

म्हणून सांगतो, बॅटरी घेताना वस्त्र पाहू नका, नुसते वजन पाहू नका. आपले यंत्र किती वॅटचे आणि वीज किती तास जाते, हे विचारा. उत्तराऐवजी कोणी श्रद्धा मागितली तर घरी परत या.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली. कमल सवयीने पाठ चोळायला धावली आणि दारातच थांबली. पंखा बंद पडला होता, पण दुकानातून आणलेल्या बॅटरीवर मशीन चालूच होते.