मावशीचं देणं

लॉन्ड्रीवाल्याने आयुष्यात एकच कर्ज पूर्ण फेडलं होतं, आणि वकीलबाई म्हणत होत्या, नेमकं तेच फेडायला नको होतं.

ड्रायक्लीनिंगच्या मशीनसाठी त्याने बँकेचं कर्ज काढलं. त्याचे हप्ते भरायला दुसरं, दुसऱ्याचे हप्ते भरायला तीन क्रेडिट कार्डं. मशीन रडतखडत चाललं, समोरच्या हॉटेलने चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, आणि दुकानातला फोन वाजला की पलीकडे हमखास वसुलीवाला. सगळं फेडायचं तर अकरा वर्षं, तीही कोणी आजारी पडलं नाही तर. बायकोने वर्षभर डोकेफोड केली होती. "अहो, दिवाळखोरीचा अर्ज करा. काय व्हायची ती नाचक्की एकदाच होईल."

"मी दिवाळखोर नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. जणू तसं म्हटल्याने गल्ल्यात पैसे पडणार होते! शेवटी एक वसुलीवाला थेट काउंटरशी आला आणि कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर त्याने थकबाकीचा आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा कुठे याने हात टेकले.

वकीलबाई भराभर प्रश्न विचारत अर्ज भरत होत्या. "गेल्या वर्षभरात कुठल्या नातेवाइकाचे पैसे परत केलेत?"

इथे त्याची मान ताठ झाली. "केले ना! मावशीचे. पाच महिन्यांपूर्वी, सगळे, एकरकमी."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाकीच्यांना ताटकळत ठेवून तुम्ही घरच्या माणसाचं भागवलंत. अर्ज केलात की कोर्ट ते पैसे मावशींकडून वसूल करणार आणि सगळ्यांत वाटणार. वर्ष उलटून गेलं असतं, तर हात लावता आला नसता. वर्ष व्हायला अजून सात महिने आहेत. विचार करा." तेवढा रकाना कोरा ठेवून त्यांनी अर्ज त्याच्या हातात दिला.

रस्त्यावर आल्यावर त्याचं डोकं भणभणलं. कार्डं बुडवणारे उजळ माथ्याने फिरतात, आणि एक देणं सरळ मनाने फेडलं तर तोच गुन्हा? बरं, मावशीकडे आता होतं काय? त्या पैशांचे तिने दात बसवून घेतले होते. कोर्ट काय तिच्या जबड्याला हात घालणार होतं? चीड कायद्याची आली, वकीलबाईंची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली.

मावशी स्वयंपाकघरात सफरचंद खात बसली होती. कापून नव्हे, अख्खं. तो उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळा झाला. "पण तू काळजी करू नकोस. मी सात महिने थांबतो. मग अर्ज करतो. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही."

"बस आधी," मावशी म्हणाली. "मी कधी मागितले होते ते पैसे?"

"नाही, पण..."

"मी ते केव्हाच सोडून दिले होते, गधड्या. तू पाकीट घेऊन आलास, तेव्हा तुझा चेहरा बघून घेतले. म्हटलं, याला एकदा तरी मोठेपणा मिरवू दे."

खरंच, त्या दिवशी पाकीट त्याने मुद्दाम सगळे भाऊ जमलेले बघून काढलं होतं.

"आणि आता सात महिने थांबणार कोणासाठी? पुन्हा तुझ्याच तोऱ्यासाठी. दुकानातला फोन कोण उचलतं?"

"ती उचलते," तो पुटपुटला. बायकोच उचलायची. शिव्याही तीच ऐकायची.

"मग माझं नाव लिही. कोर्ट मागेल ते मी हप्त्याने भरीन."

"मावशी, एकाहत्तराव्या वर्षी तू हप्ते भरणार? आणि मी मोकळा? लाज वाटते मला!"

"वाटू दे की! तुझी लाज वाचवायची म्हणून त्या पोरीने किती दिवस बोलणी खायची?"

त्याने खुर्ची ओढली. अर्ज टेबलावर पसरला. मावशीचं नाव लिहिलं, नातं लिहिलं, तारीख लिहिली. रक्कम पाठ होती, पण हात पुढे सरेना. मावशीने उरलेलं सफरचंद बाजूला ठेवलं आणि एकेक आकडा करून रक्कम त्याला सांगितली.