रंगवाली बीचं घर

आमचे हे, म्हणजे इंद्रजीत, दर रविवारी लोकांना शहागंजच्या गल्ल्यांतून फिरवून जुनं शहर दाखवतात. रेंगाळणाऱ्यांना हाकत मी मागून येते. नवरा हुशार आहे, पण एकदा हशा मिळाला की ह्यांच्या जिभेला हाड राहत नाही.

एका हिरव्या दाराच्या घराला सगळे 'रंगवाली बीचं घर' म्हणतात. तिथल्या यास्मिनभाभींनी पहिल्याच दिवशी आम्हाला पाणी देताना सांगितलं होतं, की त्यांची आजेसासू ओढण्या रंगवायची, म्हणून रंगवाली. ह्यांनी त्याला मीठमसाला लावला. म्हणे, इथं कुणा नवाबाची नाचणारीण राहायची! लोक खिदळायचे आणि भाभींनी दर वेळी आणलेलं पाणी प्यायचे. मीही हसायचे, लाज कशी ती वाटली नाही.

परवाच्या रविवारी हे वरच्या खिडकीकडं बोट करून रंगात आले. "हे त्या नाचणारणीचं घर!" हशा पिकला आणि तेवढ्यात मागं रिक्षा थांबली. मिठाईचा डबा घेऊन एक वयस्कर बाई उतरली. दारात यास्मिनभाभी ठेवणीतले कपडे घालून उभ्या होत्या, मागं त्यांची लेक कहकशा. वैजापूरची पाहुणी मुलासाठी तिला मागणी घालायला आली होती.

"नाचणारणीचं घर? हेच व्हय?" पाहुणीनं विचारलं.

ती डब्यासकट पुन्हा रिक्षात जाऊन बसली. कहकशा आत पळाली.

"आता बोला की!" मी ह्यांना ढकललंच.

हे रिक्षापुढं आडवे झाले. "खाला, खोटं आहे ते. यांची आजेसासू ओढण्या रंगवायची, म्हणून रंगवाली. नाचणारीण मी रचली."

"कशापायी?"

"लोक हसायचे म्हणून."

आता कुणी हसलं नाही. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पाहुणीनं ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि डबा घेऊन ती खाली उतरली.

हे यास्मिनभाभींपुढं हात जोडून म्हणाले, "भाभी, तुम्हाला आज हे ऐकावं लागलं, माफ करा."

"आज नाय, भाईसाब. दर इतवारी वरच्या खिडकीतून ऐकते मी. ऐकून मंग पाणी घेऊन खाली येते. वाटायचं, पाणी पिताना तरी शरम येईल."

पाहुणीला आत घेऊन त्यांनी दार लावलं. आम्ही उन्हात उभे राहिलो.

"साहेब," घोळक्यातल्या एकानं विचारलं, "इथं पाणी मिळतं म्हणाला होतात ना?"